गणसंख्या

आमच्या मंडळाच्या घटनेत एक कलम होते आणि ते मला लहानपणापासून पाठ होते, कारण वडील मंडळाचे कार्यवाह होते आणि रामबागेतल्या आमच्या घराच्या ओसरीवर बसून दर वर्षी तेच वाक्य सभेच्या सूचनेखाली स्वच्छ अक्षरात लिहीत असत: ‘गणसंख्येअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल व तिला गणसंख्येचे बंधन राहणार नाही.’ वार्षिक सभेला बहुतेक वेळा सातच माणसे येत, म्हणजे गणसंख्येला, सभेला लागणाऱ्या किमान हजेरीला, कमीच. ती सात माणसे अर्धा तास चहा पीत, कचोरी खात, इंदूरच्या पाण्याला शिव्या देत आणि मग तीच सात माणसे त्याच सतरंजीवर बसून कायदेशीर सभा भरवत. पहिला विषय नेहमी एकच असे: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. वडील वाचत, सगळे माना डोलावत आणि इतिवृत्त कायम होई. त्यावर कुणी हरकत घेतल्याचे मला एकदाही आठवत नाही. वडिलांना त्याचा अभिमान होता.

त्या सात जणांत बाई एकही नसे. सातही जण नोकरदार किंवा निवृत्त नोकरदार होते, सातही जणांची घरे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर होती आणि गणेशोत्सवात सतरंज्या उचलणारी, मांडव घालणारी, प्रसादाचे पातेले घासणारी माणसे त्या यादीत कुठेच नव्हती. सात होते की सतरा, हे घटना पाहत असे. ते सात कोण, हे पाहायला घटनेत कलम नव्हते.

हे सारे मला पुन्हा आठवायचे कारण म्हणजे मी पुढे केलेली नोकरी. शहरातल्या एका छोट्या स्वयंसेवी संस्थेत मी नऊ वर्षे हिशेब लिहिले. संस्था क्षयरोगावर काम करत असे आणि तिचा पैसा अनेक हातांतून खाली येत असे. आम्ही ‘एस.एस.आर.’, म्हणजे उप-उपअनुदानग्राही, होतो, आमच्या वर ‘एस.आर.’, म्हणजे उपअनुदानग्राही, होती, तिच्या वर ‘पी.आर.’, म्हणजे मुख्य अनुदानग्राही, आणि त्याच्याही वर कुठेतरी जिनिव्हा होते. ही आद्याक्षरे आम्ही नातेवाइकांच्या नावांसारखी सहज वापरत असू. व्हाउचरच्या पाठीवर शिक्का मारताना मात्र मला कधी कधी वाटे, की आठ रुपयांच्या सिटी बसच्या तिकिटाची ही पावती ज्यांच्यासाठी जपून ठेवायची, ते शेवटी आहेत तरी कोण? एकदा वरून आलेल्या कागदांत एक परिपत्रक होते आणि त्यात ‘सी.सी.एम.’ असा उल्लेख होता. मी साहेबांना विचारले. ते म्हणाले, “अहो ताई, दिल्लीची समिती आहे. आपला तिच्याशी काही संबंध नाही.” हे वाक्य मला इतके खटकले, की मी त्या समितीविषयी वाचायला लागले.

एड्स, क्षय आणि मलेरिया या तीन रोगांशी लढण्यासाठीचा जागतिक निधी, म्हणजे आपण ज्याला ग्लोबल फंड म्हणतो तो, २००२ च्या जानेवारीत जिनिव्हात सुरू झाला. त्याआधी २००१ च्या एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी नायजेरियातल्या आबुजा येथे अशा निधीची हाक दिली होती आणि त्याच वर्षी जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेचे एच.आय.व्ही.-एड्सवरचे विशेष अधिवेशन झाले होते. या निधीची जी गोष्ट मला हिशेबनीस म्हणून सर्वांत विलक्षण वाटली ती अशी, की कोट्यवधी डॉलर वाटणाऱ्या या संस्थेची कोणत्याही देशात शाखा नाही. सगळी माणसे जिनिव्हात बसतात. देशात पैसा मागायचा कुणी, कशासाठी मागायचा, तो कुणाच्या हाती द्यायचा आणि दिल्यावर त्याकडे लक्ष कुणी ठेवायचे, हे सारे त्या त्या देशाने नेमलेल्या एका बहुक्षेत्रीय समितीवर सोपवलेले असते. तीच ही सी.सी.एम.; मराठीत ‘देश समन्वय यंत्रणा’ म्हणता येईल, पण तसे म्हणताना मी अजून कुणाला ऐकलेले नाही. हिशेबांची स्वतंत्र तपासणी करायला निधी प्रत्येक देशात एक स्थानिक प्रतिनिधी नेमतो आणि ती बहुधा लेखापरीक्षणाच्या धंद्यातली एखादी मोठी कंपनी असते. समितीच्या स्वतःच्या हातात मात्र अनुदानाचा एक रुपयाही येत नाही. ती अर्जावर सह्या करते, मुख्य अनुदानग्राही, म्हणजे आमच्या भाषेत पी.आर., निवडते आणि पुढची तीन वर्षे देखरेख करते.

भारतातल्या समितीचे अध्यक्षपद केंद्रीय आरोग्य सचिवांकडे असते. पण सचिव, सहसचिव आणि मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांचे दिल्लीतले अधिकारी एवढ्यावर ती समिती पुरी होत नाही. निधीच्या अटीच तशा आहेत. समितीत सरकारबाहेरच्या स्वयंसेवी संस्था हव्यात, खासगी क्षेत्र हवे, विद्यापीठे आणि संशोधक हवेत, धार्मिक संस्था हव्यात, आणि ज्यांना तो आजार आहे किंवा होऊन गेला आहे अशी माणसे हवीतच. सरकारबाहेरच्या सदस्यांचे प्रमाण किमान ४० टक्के असावे, अशी शिफारस आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या सरकारबाहेरच्या गटांनी आपला प्रतिनिधी स्वतः निवडायचा असतो आणि तो कसा निवडला, याची कागदोपत्री नोंद ठेवावी लागते. सचिवांनी ‘तुम्ही या’ म्हणून बोलावलेला माणूस चालत नाही. या अटी पुऱ्या झाल्या नाहीत, तर देश अर्ज करायलाच पात्र ठरत नाही. वडिलांच्या मंडळाच्या घटनेत जे कलम नव्हते, ते इथे पहिल्या पानावर होते. किती माणसे आली यापेक्षा कोणकोणत्या प्रकारची माणसे आली, हे मोजणारी गणसंख्या मी प्रथमच पाहत होते.

ही कल्पना जिनिव्हातल्या कुणा कारकुनाला सुचलेली नव्हती. एड्सच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतल्या रुग्णांनी स्वतःला ‘बळी’ म्हणवून घ्यायला नकार दिला आणि १९८३ मध्ये डेन्व्हर येथे जाहीर सांगितले, की आमच्याविषयीच्या निर्णयांत आम्ही असू. १ डिसेंबर १९९४ रोजी पॅरिसमध्ये ४२ देशांनी एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या माणसांना धोरणात अधिक सहभाग देण्याचे तत्त्व मान्य केले. क्षयरोग त्याहून फार जुना आहे, रॉबर्ट कॉख यांनी त्याचा जंतू २४ मार्च १८८२ रोजी जगासमोर ठेवला. पण क्षयरोग्यांनी आपला गट बांधून असे काही म्हटल्याचे त्यानंतरच्या शंभर वर्षांत फारसे ऐकू येत नाही. का, ते मला पुस्तकांपेक्षा घरातून अधिक कळले.

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, १९८८ साली क्षय झाला. घरात तो शब्द उच्चारत नसत. ‘दादाची तब्येत’ म्हणत. मनोरमाराजे रुग्णालयात त्याचे उपचार झाले आणि तो पूर्ण बरा झाला, हे आधीच सांगून टाकते. पण त्या काळात आईने त्याचे ताट, वाटी आणि पेला वेगळे काढून माडीवरच्या कोनाड्यात ठेवले होते आणि शेजारी विचारायला आले, की तो राऊला मामाकडे हवा बदलायला गेला आहे असे सांगायचे, असा आम्हा मुलांना हुकूम होता. दादा तेव्हा माडीवर असे आणि खालचे बोलणे ऐकत असे. पुढे कित्येक वर्षांनी मी वाचले, की मद्रासच्या क्षयरोग औषधोपचार केंद्राने १९५६ साली सुरू केलेल्या अभ्यासात रुग्णांचे दोन गट केले होते, एक सॅनेटोरियममध्ये आणि एक आपल्या दाट वस्तीतल्या घरी. आणि १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार घरी औषध घेणारे जवळजवळ तितकेच बरे झाले होते आणि त्यांच्या घरच्यांना त्यापायी जास्त लागण झालेली नव्हती. म्हणजे आमच्या कोनाड्यातला तो पेला तेव्हाच जवळजवळ तीस वर्षांनी कालबाह्य होता. मद्रासहून इंदूरच्या माडीवर ती बातमी कुणी पोचवायची, हे कुणाचेच काम नव्हते.

दादाला त्या काळात कुणी काही विचारले नाही. डॉक्टर चांगले होते, पण त्यांनी विचारले ते खोकल्याविषयी. इंजेक्शनसाठी रोज जायला जमते का, नोकरीत काय सांगितलेस, गोळ्यांनी लघवी लाल होते हे आधी कुणी सांगितले होते का, घाबरलास का, हे त्याच्याकडून समजून घेण्याची जागाच त्या व्यवस्थेत नव्हती. समितीतली रुग्णाची ती एक खुर्ची मला महत्त्वाची वाटते ती यामुळे. तिच्यावर बसलेल्या माणसाला जे ठाऊक असते, ते सचिवांच्या फायलीत असूच शकत नाही.

आता या व्यवस्थेतल्या खोटीविषयी. मी हिशेबनीस आहे, आणि कुंपणाने शेत खाल्लेले मी पाहिलेले आहे. समितीत सरकार बसते, आणि पैसा घेणाऱ्यांत सर्वांत मोठे सरकारच असते. स्वयंसेवी संस्था बसतात, आणि त्याही पैसा घेतात. भारतात केंद्र सरकारच्या अर्थ मंत्रालयाबरोबरच टाटा समाजविज्ञान संस्था, इंडिया एच.आय.व्ही./एड्स अलायन्स, क्षयरोगावर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था ‘द युनियन’, वर्ल्ड व्हिजन अशा सरकारबाहेरच्या संस्थाही मुख्य अनुदानग्राही राहिलेल्या आहेत, आणि २०१० मध्ये सुरू झालेला क्षयरोगाचा ‘अक्षय’ प्रकल्प तर यांतल्या शेवटच्या दोघींनी मिळून ३७४ जिल्ह्यांत नेला होता. मोठी कामे मोठ्या संस्थाच करणार, यात वावगे काही नाही. पण ज्याने घ्यायचे त्यानेच देखरेख करायची, हा प्रश्न उरतो, म्हणून हितसंबंध जाहीर करण्याचे आणि आपला विषय निघाला की मतदानातून बाजूला होण्याचे नियम निधीने सक्तीचे केले. छोट्या गावात, जिथे सगळेच एकमेकांचे व्याही असतात, तिथे असा नियम पाळणे किती अवघड, हे इंदूरच्या कुठल्याही संस्थेत काम केलेल्या माणसाला सांगायला नको. आणि आजारांच्या जगात दिल्लीसुद्धा एक छोटे गावच आहे.

बाहेरच्या देशांत काय घडले, तेही पाहण्यासारखे आहे. २००५ च्या ऑगस्टमध्ये युगांडाची पाचही अनुदाने गैरव्यवस्थापनामुळे काही महिने स्थगित झाली. त्याच वर्षी म्यानमारमधून निधी बाहेर पडला, कारण तिथल्या राजवटीने कामावर असलेल्या लोकांच्या प्रवासावर बंधने घातली होती आणि जे पाहता येत नाही त्याला पैसा देणे निधीला मान्य नव्हते. पण माझ्या मनात घर करून राहिली ती चीनची हकिकत. २०११ साली निधीने चीनला द्यायचे हप्ते रोखले आणि त्यामागच्या कारणांत एक असे होते, की एड्सच्या अनुदानातला जो वाटा लोकांतून उभ्या राहिलेल्या छोट्या संस्थांकडे जायचा ठरला होता, तो त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. चिनी समितीत स्वयंसेवी संस्थांची खुर्ची होती, तिच्यासाठी निवडणूकही होत असे. खुर्ची होती, तिच्यावर माणूसही बसलेला होता, आणि तरी तिच्या पायाखालून वाटा निसटला होता. अर्थात, पैसा रोखला की शिक्षा नेमकी कुणाला होते, हा प्रश्न मी साहेबांना विचारला असता, तर ते गप्प बसले असते; कारण आमच्याकडेही एकदा तसेच झाले होते, फार लहान प्रमाणात.

आमच्या वरच्या संस्थेकडून एका वर्षी आठ महिने हप्ता आला नाही. कारण तांत्रिक होते. कुठल्यातरी तक्त्यात कुठल्यातरी ओळीचा मेळ बसत नव्हता. आमच्या अकरा कार्यकर्त्या, ज्या वस्त्यांत फिरून खोकला असलेल्यांना तपासणीला नेत, त्या स्वतःच्या खिशातून बसभाडे देत राहिल्या. त्यांतल्या चौघी दिवाळीपर्यंत थांबल्या आणि मग आल्या नाहीत. आणि त्या तिमाहीच्या अहवालात आमच्या जिल्ह्यापुढे हिरवा रंग होता, कारण ठरलेल्या संख्येइतके बेडके तपासून झाले होते. तो तक्ता मीच भरला होता, तेव्हा दोष वरच्यांनाच द्यावा असेही नाही. बसभाड्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता आणि रकाना नसलेली गोष्ट लिहायची सवय माझ्या हाताला नव्हती.

‘ओव्हरसाइट’ला मराठीत ‘देखरेख’ म्हणतात आणि इथल्या सरकारी कागदांत हिंदी ‘निगरानी’ असते. मला ‘निगरानी’ या शब्दात नेहमी पहारा ऐकू येतो. ‘देखरेख’ मात्र घरातला शब्द आहे. आजी म्हणे, “दुधावर जरा देखरेख ठेव गं,” आणि तिचा अर्थ दूध मोजणे असा नसे. दूध वर येताना दिसले की गॅस बारीक करणे, हा असे. लेखापरीक्षण सांडलेल्या दुधाचे मोजमाप करते, तेही हवेच, मी आयुष्यभर तेच केले. पण समितीचे काम ओट्याशी उभे राहण्याचे आहे. त्यासाठी सदस्यांनी वर्षातून काही वेळा प्रत्यक्ष वस्तीत, औषध केंद्रात जायचे असते, आणि अशा भेटीत काय पाहायचे हे ज्याने त्या खिडकीपुढे रांग लावली आहे त्यालाच नीट कळते. २०२४ च्या सुरुवातीला देशभर क्षयाच्या काही औषधांचा तुटवडा पडला आणि स्थानिक पातळीवर खरेदी करा, असे केंद्राने राज्यांना कळवले. तेव्हा ‘तीन दिवसांच्याच गोळ्या दिल्या, पुढे बघू म्हणाले’ हे वाक्य रुग्णांच्या घरांत आधी ऐकू आले आणि कागदावर मागाहून आले.

दिल्लीच्या खुर्चीवर बसणाऱ्या प्रतिनिधीचे कामही वरवर दिसते तितके सोपे नाही. बैठक इंग्रजीत, जोडपत्रे शे-दीडशे पानांची, आद्याक्षरांचा पाऊस, आणि समोर ज्यांच्या खात्यातून उद्या आपली औषधे यायची आहेत ते साहेब. बोलायचे काय, हे त्याला ठाऊक असते. पण बोलून झाल्यावर परत गावी येऊन ज्यांनी निवडून दिले त्यांना काय घडले ते सांगायचे, याला ना वेळ असतो ना भाडे. जागतिक निधीने तरी अशा समित्यांच्या कचेऱ्यांना थोडा खर्च देऊ केला आहे. त्या खर्चातून इंदूरपर्यंत किती पोचते, याचा अंदाज मी माझ्या जुन्या खातेवह्यांवरून करू शकते.

याच धर्तीचे मंच केंद्राने पुढे क्षयरोगासाठी राज्यात आणि जिल्ह्यातही उभे करायला सांगितले. भारताचा क्षयरोग कार्यक्रम आता मुख्यतः आपल्याच पैशावर चालतो. २०१९ मध्ये तर भारताने उलट त्या जागतिक निधीला २ कोटी २० लाख डॉलर देऊ केले. म्हणजे जिनिव्हाची अट उद्या राहिली नाही, तरी ती खुर्ची आपण स्वतःहून ठेवतो का, हे आता आपल्या जिल्ह्यांत दिसणार आहे. निवृत्तीनंतर अशाच एका जिल्हा बैठकीला मला बोलावणे आले, तेव्हा मी एका काकूंना बरोबर नेले. त्या मल्हारगंजाच्या बाजूला राहतात, सहा घरी पोळ्या करतात, आणि त्यांचा क्षय सहा महिन्यांच्या औषधाने बरा झाला आहे. कामाच्या घरांपैकी दोन घरे त्या वेळी सुटली, हे त्यांनी मला वाटेत रिक्षात सांगितले.

दारात हजेरीचे रजिस्टर होते आणि त्यात रकाने होते: नाम, पदनाम, विभाग, मोबाइल, हस्ताक्षर. काकूंनी मला हळूच विचारले, “पदनामात काय लिहायचं?” टेबलामागचा मुलगा म्हणाला, “खाली छोड़ दो, आंटी.” काकूंनी रकाना रिकामा सोडला नाही. थोडा विचार करून त्यांनी लिहिले, ‘मरीज थी’, आणि विभागाच्या रकान्यात ‘मल्हारगंज’.

बैठकीत आकड्यांचे सादरीकरण झाले, पोषण योजनेचे पैसे कुणाच्या खात्यात का अडकले यावर बरेच बोलणे झाले आणि अखेरीस अध्यक्षांनी ‘आणखी कुणाला काही’ असे विचारले. काकू उभ्या राहिल्या. त्यांनी मराठी-हिंदी मिसळून सांगितले, की औषधाची खिडकी दहाला उघडते, आणि दहाला त्यांच्यासारखीचे चौथे घर चालू असते; त्यांचे स्वतःचे आता झाले, पण त्यांच्या गल्लीत अजून दोघी जणी आहेत, आणि त्या दर वेळी एका घरी खोटे बोलून जातात. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतले आणि नोंद करून घ्यायला सांगितले. मला वाटले, काम झाले. काकूंनाही तसेच वाटले असावे, कारण परतताना त्यांनी राजवाड्याजवळ मला आग्रहाने पोहे खाऊ घातले आणि पैसे देऊ दिले नाहीत.

पुढची बैठक चार महिन्यांनी झाली. या वेळी काकूंनी मला न विचारता रजिस्टर भरले. मागच्या बैठकीचे कार्यवृत्त सर्वांना वाटले होते. चष्मा नसल्यामुळे त्यांनी ते माझ्याकडे सरकवले आणि आपले कुठे आहे ते वाचायला सांगितले. तिसऱ्या पानावर एक ओळ होती: ‘केंद्र के समय के संबंध में सुझाव प्राप्त हुआ.’ मी ती वाचली. “मग?” त्यांनी विचारले. मी पान उलटले. पुढच्या पानावर उपस्थितांच्या नावांची यादी होती.

एवढ्यात समोरून आवाज आला, की मागील बैठकीचे कार्यवृत्त अनुमोदित समजावे का? टेबलाभोवतीच्या सगळ्या माना सवयीने हलल्या, माझीही हलली, आणि माझ्या शेजारी काकूंनी हात वर केला.